दाताला जोडलेला तुकडा आणि कडेवरची तपकिरी रेघ

प्रश्न : चार वर्षांपूर्वी पडल्यामुळे माझ्या समोरच्या वरच्या दाताचा कोपरा तुटला. दंतवैद्यांनी तो काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या, रेझिनयुक्त भरणाने) भरून दिला. तो भाग आजही घट्ट आहे, ठणका नाही, थंड-गरम लागत नाही. परंतु जोडावर एक तपकिरी रेघ उमटली आहे. एका डॉक्टरांच्या मते नुसते पॉलिश पुरेल. दुसऱ्यांच्या मते आतला बाँड, म्हणजे दात आणि काँपोझिट यांना जोडणारा चिकट थर, सुटू लागला आहे आणि सगळे काढून नव्या ‘युनिव्हर्सल’ बाँडने पुन्हा करायला हवे. तोंड सतत ओले असते. मग हा चिकट पदार्थ मुळात किती वर्षे टिकतो? त्या वेळी तुटलेल्या जागेभोवतीचा चांगला दातही थोडा घासला होता, ते योग्य होते का? आणि मला दात उजळून घ्यायचे आहेत, त्याने जोड सैल होईल का? – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. सर्वांत आधी काळजीचे तेवढे दूर करते. भरलेला भाग हलत नाही, दुखत नाही आणि थंड-गरम लागत नाही, अशा स्थितीत केवळ कडेवरच्या रेघेवरून आतला जोड सुटला असा निष्कर्ष काढता येत नाही. एनॅमलला (दाताच्या बाहेरच्या कवचाला) नीट जोडलेले रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक होणारा पदार्थ, हा दंतवैद्यकातला सर्वांत भरवशाचा जोड मानला जातो, आणि त्याच्या हिशेबात चार वर्षे हे काही मोठे वय नाही. समोरच्या दातांवरील काँपोझिटच्या दीर्घकालीन पाहण्यांत दरवर्षी निकामी होणाऱ्या फिलिंगचे प्रमाण साधारणपणे चार टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. त्यातही तुमच्यासारख्या तुटलेल्या कोपऱ्याच्या बाबतीत काँपोझिटचाच तुकडा पडणे हे नेहमीचे कारण असते. सगळा जोड एकदम सुटून येणे त्या मानाने क्वचित घडते.

‘किती वर्षे’ या प्रश्नाला एक आकडा देता आला असता तर बरे झाले असते. पण हा पदार्थ दाताच्या कोणत्या भागाला धरून आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. उरलेल्यात पाणी आणि अगदी थोडा सेंद्रिय अंश. कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक त्यात साधारण ५ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या दांड्यांमध्ये शेजारी शेजारी रचलेले असतात. अशा गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर रेझिन नुसते लावले तर ते फार काळ धरत नाही, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच दंतवैद्यांची अडचण होती. १९५५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे काम करणारे मायकेल बुओनोकोर यांनी त्यावर उपाय सुचवला. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत असत. तीच कल्पना त्यांनी दातावर आणली आणि ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल ३० सेकंद लावून धुतलेल्या एनॅमलवर अ‍ॅक्रिलिक कितीतरी अधिक काळ टिकते, हे दाखवून दिले. आज आम्ल सौम्य झाले आहे, ३५ ते ३७ टक्क्यांचे रंगीत जेल असते आणि ते १५ ते ३० सेकंदच ठेवतात. पण मूळ कृती सत्तर वर्षांनंतरही तीच आहे. या प्रक्रियेला एचिंग म्हणतात.

एचिंगमध्ये एनॅमलचा वरचा सुमारे १० मायक्रोमीटरचा थर विरघळून जातो आणि त्याखालचा भाग सूक्ष्म छिद्रांनी भरतो, कारण प्रत्येक दांड्याचा गाभा आणि कडा आम्लात सारख्या वेगाने विरघळत नाहीत. जेल धुऊन जागा कोरडी केली की तेवढा भाग खडूसारखा पांढरट दिसतो. दंतवैद्य त्या पांढरेपणाची वाट पाहत असतात. तो दिसला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नसतो. नंतर लावलेले पातळ रेझिन या छिद्रांत आपोआप ओढले जाते आणि निळ्या प्रकाशाने तिथेच कडक होते. पुढची पकड भिंतीत रुजलेल्या पिंपळासारखी असते, ओढून काढायला गेले तर भिंतीचा चुना सोबत येतो. प्रयोगशाळेत असे जोड ओढून पाहतात तेव्हा बऱ्याचदा रेझिन किंवा एनॅमल स्वतःच तुटते. त्या वेळी मोजलेली ताकद साधारण २० मेगापास्कल (जोडाची ताकद मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक भरते. कंस लावून दात सरळ करण्याच्या उपचारात ब्रॅकेट टिकण्यासाठी ६ ते ८ मेगापास्कल पुरेसे धरले जातात. त्यावरून अंदाज यावा.

आता तुमच्या शंकेचा गाभा : ओल्या तोंडात हे टिकते कसे? पाणी रेझिनचे काही भले करत नाही, हे खरेच आहे. कडक झालेले रेझिनही हळूहळू पाणी शोषते, थोडे मऊ होते, त्यातील एस्टर नावाचे रासायनिक बंध वर्षानुवर्षांत पाण्यामुळे तुटत जातात आणि लाळेतील काही विकरे (एन्झाइम) त्याला हातभार लावतात. परंतु या सर्वांचा फटका दाताच्या दोन थरांना सारखा बसत नाही. एनॅमलच्या आत डेंटिन असते. ते वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, मुख्यतः कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन, आणि १० टक्के पाणी असे बनलेले असते. त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधून आतला द्रव सतत बाहेर येऊ पाहतो. आम्लाने उघडे पडलेले कोलॅजेनचे तंतू रेझिनने पूर्णपणे भिजले नाहीत, तर त्या उघड्या राहिलेल्या तंतूंना डेंटिनमध्येच असलेली विकरे कुरतडू लागतात. डेंटिनचा जोड पहिल्या दिवशी उत्तम असूनही काही वर्षांत अशक्त होऊ शकतो, तो मुख्यतः यामुळे. एनॅमलमध्ये कुरतडण्यासाठी कोलॅजेनच जवळपास नसते आणि आतून पाणी पाझरत नाही. कोरडे करता येते, कोरडे राहते, आणि म्हणून जोड टिकतो.

एनॅमलचा हा जोड स्वतःपुरता टिकतोच, शिवाय आतल्या डेंटिनलाही झाकतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काढलेल्या दातांवर केलेले जोड चार वर्षे पाण्यात ठेवले होते. ज्या नमुन्यांत डेंटिनच्या जोडाभोवती एनॅमलला जोडलेल्या रेझिनची अखंड कड होती, त्यांची ताकद लक्षणीयरीत्या घटली नाही. जिथे डेंटिनचा जोड थेट पाण्याला उघडा होता, तिथे दोन पायऱ्यांत लावायच्या सुटसुटीत बाँडची ताकद स्पष्टपणे कमी झाली. माझ्या मते सामान्य माणसाने या विषयातले एवढे लक्षात ठेवले तरी पुरे आहे. तुमचा तुटलेला कोपरा दाताच्या खालच्या टोकाकडचा आहे. तिथे एनॅमल जाड असते आणि फिलिंगची सगळी कड बहुधा एनॅमलवरच संपते. हिरडीजवळ एनॅमल पातळ होत होत नाहीसे होते. तिथल्या फिलिंगला हे संरक्षण एका बाजूने मिळत नाही, आणि म्हणूनच त्याच दंतवैद्यांनी त्याच बाटलीतून केलेले दोन जोड वेगवेगळे आयुष्य घेऊन येतात.

एक सावधगिरी इथेच नोंदवते, कारण जाहिरातींतील आकडे वाचून तुमचा गोंधळ होऊ शकतो. बाँडच्या ताकदीचे बहुतेक आकडे नमुना ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवून घेतलेले असतात. दीर्घकाळाचा अंदाज घेण्यासाठी नमुने ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने हजारो वेळा बुडवतात आणि सुमारे १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातले एक वर्ष असे धरतात. हा हिशेब म्हणजे अंदाज आहे. तोंडात चावण्याचा दाब असतो, रात्री दात खाणारी माणसे असतात, आम्लपित्तामुळे तोंडात आम्ल येणारी माणसे असतात. पाण्याच्या भांड्यात यातले काही नसते. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आकड्यात पाच-दहा मेगापास्कलने सरस ठरलेल्या बाँडला मी फारसे महत्त्व देत नाही. माणसांच्या तोंडात वर्षानुवर्षे पाहिलेल्या फिलिंगची नोंद मला अधिक मोलाची वाटते.

तुमच्या डॉक्टरांनी चांगला दात घासला, ते योग्यच होते. तुटलेल्या कडेला उतार देण्याची ही पद्धत आहे. एनॅमलच्या दांड्यांची टोके आम्लासमोर आली तर एचिंग खोल आणि सारखे होते. दांड्यांची कूस समोर आली तर पकड कमी बसते. उतार दिल्याने टोके उघडी होतात, जोडाचे क्षेत्र वाढते आणि शिवाय काँपोझिटचा रंग दाताच्या रंगात हळूहळू मिसळून जातो. यासाठी घासावे लागते ते अगदी थोडे, आणि ते एनॅमलमध्येच राहते. एनॅमल पुन्हा तयार होत नाही हे खरे असल्यामुळे तुमचा प्रश्न रास्त आहे. पण इथे दिलेल्या थोड्याशा एनॅमलच्या बदल्यात तुम्हाला बरेच मिळाले आहे.

चांगला एनॅमल असूनही जोड फसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासातल्या कामात असतो. एचिंग झालेल्या जागेला लाळेचा नुसता स्पर्श झाला तरी प्रथिनांचा पातळ पडदा छिद्रांवर बसतो आणि रेझिन आत शिरत नाही. म्हणून रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) किंवा कापसाच्या गुंडाळ्या. हवेच्या नळीतून तेलाचा अंश आला, दिव्याचा प्रकाश दुरून किंवा तिरका पडला, बाँडमधला द्रावक पुरेसा उडू दिला नाही, यांपैकी काहीही त्याच दिवशी दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसते. काँपोझिट कडक होताना आकाराने साधारण दोन-तीन टक्के आक्रसते. तो ताण जोडावर येतो, म्हणून ते थराथराने भरतात. तुमचा जोड चार वर्षे हललेला नाही, म्हणजे त्या वेळी यांतले काही मोठे बिघडले नसावे.

आता ‘युनिव्हर्सल’ बाँडविषयी. २०११ च्या सुमारास बाजारात आलेल्या या बाँडमध्ये एकाच बाटलीत सर्व घटक असतात, आणि ते आम्लाने एचिंग करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे वापरता येतात. त्यांतल्या बऱ्याच बाँडमध्ये १०-एमडीपी नावाचा मोनोमर (रेझिन ज्यांपासून बनते त्यांपैकी एक छोटा रेणू) असतो. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित झालेला हा रेणू दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो आणि तयार होणारा क्षार पाण्यात सहज विरघळत नाही. पदार्थ चांगला आहे, यात वाद नाही. मात्र हे बाँड स्वतः सौम्य आम्लधर्मी असतात, आणि एनॅमलला तेवढ्या आम्लाने उथळ एचिंगच होते. म्हणून आज सर्वसाधारण शिफारस अशी आहे की युनिव्हर्सल बाँड वापरतानाही एनॅमलच्या कडेवर फॉस्फोरिक आम्लाचे जेल वेगळे लावावे. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे दोन पायऱ्यांच्या सौम्य सेल्फ-एच (वेगळे आम्ल न लावता स्वतःच एचिंग करणाऱ्या) बाँडवर झालेल्या १३ वर्षांच्या पाहणीत हेच दिसले. हिरडीजवळच्या झिजेत भरलेली बहुसंख्य फिलिंग्ज एचिंग केलेले असो वा नसो, जागेवर राहिली. पण एनॅमलकडच्या कडेवरचे बारीक दोष, जे एचिंगशिवाय भरलेल्यांत जास्त होते, ते एचिंग केलेल्यांत कमी राहिले. म्हणजे तुमचे फिलिंग पुन्हा करायची वेळ आलीच तर बाटलीचे नाव विचारण्यापेक्षा ‘एनॅमलला वेगळे एचिंग करणार ना, आणि लाळ कशी रोखणार?’ असे विचारा. चांगल्या दंतवैद्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मग ती तपकिरी रेघ कशाची? तिची कारणे किमान तीन आहेत आणि पाहण्याची पद्धत प्रत्येकीची वेगळी आहे. सर्वांत निरुपद्रवी कारण म्हणजे रेझिनचा पातळ पापुद्रा एचिंग केलेल्या जागेच्या थोडा बाहेर, एचिंग न झालेल्या एनॅमलवर पसरलेला असणे. तिथे तो धरलेला नसतो. काही महिन्यांत किंवा वर्षांत त्याची कड उचलते आणि खाली रंग साठतो. मुख्य जोड मात्र आत शाबूत असतो. हा पापुद्रा बारीक चकतीने काढून पॉलिश केले की रेघ जाते, बहुधा कायमची. दुसरे कारण म्हणजे काँपोझिट आक्रसताना किंवा नंतर घासताना कडेच्या एनॅमलमध्येच गेलेला बारीक तडा. तो सुरुवातीला पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि पुढे रंग शोषतो. तोही खोल नसेल तर कड किंचित घासून दुरुस्त होतो. तिसरे कारण म्हणजे खरी फट, जिच्यात लाळ आणि जंतू आत-बाहेर करतात. काळजी फक्त याच प्रकारची करायची.

तिघांत फरक करण्यासाठी दाताची कड कोरडी करून भिंगातून आणि चांगल्या उजेडात पाहावी लागते, बोथट शलाका कडेवरून हलकेच फिरवून पाहावी लागते, आणि बाजूच्या दाताला लागून असलेल्या भागाचा संशय असेल तर एक्स-रे काढावा लागतो. रेघ पॉलिशने गेली तर प्रश्न तिथेच संपला. रेघ जागेवर राहिली, पण शलाका अडकत नाही आणि कडेजवळचा एनॅमल करडा किंवा खडूसारखा झालेला नाही, तर तिच्यावर सहा महिन्यांनी नजर टाकणे पुरेसे आहे. शलाका अडकते, कडेजवळचा दात मऊ लागतो किंवा काँपोझिटखालून काळपट छाया दिसते, तर काही करायला हवे. तेव्हाही सगळे काढणे हा पहिला उपाय नाही. तेवढीच कड उघडून, जुन्या काँपोझिटचा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक फवाऱ्याने खरवडून, एनॅमलला नव्याने एचिंग करून नवे काँपोझिट जोडता येते. अशा दुरुस्त्या चांगल्या टिकतात. सगळे फिलिंग काढताना मात्र दाताच्याच रंगाचे काँपोझिट कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो हे नेमके ओळखणे अवघड असते, आणि प्रत्येक वेळी थोडा चांगला एनॅमलही जातो. ज्या एनॅमलच्या जिवावर हा जोड टिकतो, तोच दर खेपेला कमी होतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना, बाँड सुटला आहे हे कशावरून ठरवले, एवढे विचारून घ्या. उत्तर ‘रेघ दिसते म्हणून’ असे असेल तर मी पहिल्या डॉक्टरांकडे पॉलिशसाठी जाईन.

दात उजळण्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. उजळण्यासाठी लावतात त्या पेरॉक्साइडच्या जेलमुळे आधीच झालेला घट्ट जोड सुटत नाही, परंतु काँपोझिटचा रंग त्याने उजळतही नाही; दात उजळतील आणि कोपरा जुन्याच छटेचा राहून उठून दिसेल. शिवाय पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन काही काळ एनॅमलमध्ये साठून राहतो, आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात रेझिन नीट कडक होत नाही. उजळवल्यावर लगेच केलेला नवा जोड त्यामुळे कमकुवत ठरतो. तेव्हा आधी तपासणी करून रेघेखाली फट नाही याची खात्री करा, कारण फट असेल तर जेल आत झिरपून दात झिणझिणेल. मग दात उजळून घ्या, निदान दोन आठवडे थांबा, रंग स्थिरावू द्या, आणि त्यानंतर पॉलिशने भागते की कोपऱ्याचा दर्शनी थर नव्या छटेत बदलून हवा आहे, ते आरशात पाहून ठरवा. दुसरा पर्याय निवडलात तर आतला जुना, घट्ट बसलेला भाग तसाच ठेवून फक्त वरचा थर बदलायला सांगा, आणि रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती त्याच भेटीत दंतवैद्यांच्या कानावर घाला. समोरच्या दाताच्या टोकावर रात्रभर पडणारा दाब हा नव्या-जुन्या कोणत्याही काँपोझिटला पाण्यापेक्षा लवकर मोडतो.